अमेरिकेतील महाविद्यालय प्रवेश : अर्ज केव्हा करावा आणि ‘लवकर अर्जा’चा कोणता पर्याय निवडावा

बारावीनंतर अमेरिकेत पदवी शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला दोन निर्णय घ्यावे लागतात. अर्ज कोठे करावा हा पहिला आणि तो केव्हा करावा हा दुसरा. पहिल्या निर्णयावर घरात महिनोन्‌महिने चर्चा होते. दुसरा मात्र अनेकदा अंतिम मुदत आठ दिवसांवर आल्यावर घाईने घेतला जातो. वास्तविक या दुसऱ्या निर्णयावर प्रवेशाची शक्यता अवलंबून असतेच, शिवाय कुटुंबाला किती खर्च सोसावा लागेल आणि हाती आलेल्या प्रवेशांची तुलना करण्याचा हक्क शिल्लक राहील की नाही, हेही त्यावरच ठरते. अमेरिकी महाविद्यालये अर्जाच्या एकाहून अधिक फेऱ्या घेतात. त्यांची नावे सारखी वाटली तरी बंधने अगदी भिन्न आहेत. हा फरक ध्यानात न घेता केलेली स्वाक्षरी महागात पडू शकते.

अर्जांचे पाच प्रकार

रेग्युलर डिसिजन. ही नेहमीची फेरी होय. बहुतेक निवडक महाविद्यालयांत अर्जाची मुदत १ ते ५ जानेवारीच्या आसपास संपते आणि निकाल मार्चअखेर लागतो. विद्यार्थी कितीही महाविद्यालयांत अर्ज करू शकतो. मात्र ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जप्रणालीवर एका वेळी २० महाविद्यालयांची मर्यादा आहे. आलेल्या प्रवेशांपैकी एक निवडून साधारणपणे १ मेपर्यंत कळवायचे असते.

अर्ली डिसिजन. ही बांधील फेरी आहे. अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत करावा लागतो व निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. विद्यार्थी अशा पद्धतीने एकाच महाविद्यालयात अर्ज करू शकतो. प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याचे, इतर सर्व अर्ज मागे घेण्याचे आणि कोणत्याही देशातील अन्य विद्यापीठात नवा अर्ज न करण्याचे वचन त्यात असते. या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांची स्वाक्षरी लागते. अनेक महाविद्यालये याच पद्धतीची दुसरी फेरीही घेतात. तिची मुदत जानेवारीच्या आरंभी संपते आणि निकाल फेब्रुवारीच्या मध्यास येतो. मुदत बदलली तरी बंधन तेच राहते.

अर्ली ॲक्शन. येथेही अर्ज नोव्हेंबरमध्ये जातो आणि उत्तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मिळते. परंतु बंधन नसते. प्रवेश मिळाला तरी विद्यार्थी १ मेपर्यंत थांबू शकतो, इतरत्र अर्ज करू शकतो आणि आर्थिक साहाय्याची तुलना करू शकतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, तसेच पर्ड्यू व मेरिलँड यांसारखी सार्वजनिक विद्यापीठे ही पद्धत वापरतात.

रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली ॲक्शन. यात प्रवेश स्वीकारण्याची सक्ती नाही, पण अर्ज कोठे करता येईल यावर मर्यादा आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड ही विद्यापीठे ही पद्धत वापरतात. काही जण तिला ‘सिंगल चॉइस’ असेही म्हणतात. येथे अर्ज करणाऱ्याने अमेरिकेतील अन्य खाजगी महाविद्यालयांच्या लवकर फेरीत अर्ज करू नये, अशी अट असते. अमेरिकी सार्वजनिक विद्यापीठे आणि परदेशी विद्यापीठे यांच्या बंधनरहित फेऱ्यांत अर्ज करण्यास सर्वसाधारणपणे मुभा असते. एमआयटी स्वतः असे कोणतेही बंधन घालत नाही; तरीही हार्वर्डचा लवकर अर्ज भरणाऱ्याला एमआयटीचा लवकर अर्ज भरता येत नाही, कारण मनाई हार्वर्डच्या नियमाने येते. म्हणून नियम दोन्ही बाजूंचे वाचावे लागतात.

रोलिंग ॲडमिशन. काही विद्यापीठे अर्ज जसजसे येतात तसतसे तपासतात आणि काही आठवड्यांत उत्तर देतात. ॲरिझोना स्टेट व पिट्सबर्ग ही याची परिचित उदाहरणे. येथे बंधन नसते, पण उशीर केल्यास जागा, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती कमी उरतात.

या वर्गीकरणात न बसणाऱ्या संस्थाही आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस आदी संकुलांत लवकर फेरीच नाही. त्यांचा स्वतंत्र अर्ज असतो, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो आणि प्रवेशासाठी एसएटीचे गुण विचारात घेतले जात नाहीत. त्यामुळे त्यांचा अर्ज इतर कोणत्याही फेरीबरोबर सुरक्षितपणे भरता येतो.

महाविद्यालयांना बांधील अर्ज का हवा असतो

अर्ली डिसिजनची पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आली आहे. ती विद्यार्थ्याच्या सोयीची म्हणून मांडली जाते. पण तिचा मोठा लाभ महाविद्यालयाला मिळतो. प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यांपैकी प्रत्यक्ष किती येतील, ही प्रत्येक महाविद्यालयाची कायमची चिंता असते. एक कल्पित हिशेब मांडला म्हणजे हे स्पष्ट होते.

समजा, एका महाविद्यालयात १,००० जागा आहेत, २०,००० अर्ज येतात आणि प्रवेश दिलेल्या चारांपैकी एकच विद्यार्थी येतो. जागा भरण्यासाठी त्याला ४,००० जणांना प्रवेश द्यावा लागेल. म्हणजे प्रवेशाचे प्रमाण २० टक्के झाले. आता त्याच महाविद्यालयाने निम्म्या, म्हणजे ५०० जागा बांधील फेरीत भरल्या तर तेवढे ५०० जण जवळपास सगळे येतात. उरलेल्या ५०० जागांसाठी २,००० जणांना प्रवेश दिला की पुरते. एकूण प्रवेश २,५०० आणि प्रमाण साडेबारा टक्के. महाविद्यालय अधिक निवडक दिसते, वसतिगृहाचा अंदाज चुकत नाही, आणि पूर्ण शुल्क भरू शकणाऱ्या कुटुंबांची संख्याही डिसेंबरातच कळते.

या हिशेबाची दुसरी बाजू अशी की जानेवारीत अर्ज करणाऱ्यासाठी निम्म्याच जागा उरलेल्या असतात. हे उदाहरण कल्पित असले तरी चित्र वास्तवाला धरून आहे. अनेक निवडक खाजगी विद्यापीठे आपल्या वर्गाचा सुमारे निम्मा भाग बांधील फेरीत भरतात.

या पद्धतीवर अमेरिकेतही टीका होत आली आहे. येल व स्टॅनफर्ड यांनी २००२ मध्ये बांधील फेरी सोडून बंधनरहित फेरी स्वीकारण्याचे जाहीर केले. हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये लवकर अर्जाची पद्धतच बंद करण्याचे जाहीर केले. ती सधन आणि माहितगार कुटुंबांना झुकते माप देते, असे त्यांचे कारण होते. मात्र बहुतेक इतर संस्था मागे आल्या नाहीत आणि २०११ मध्ये दोघांनीही बंधनरहित स्वरूपात ती पुन्हा सुरू केली. ब्राउन विद्यापीठाने २०२४ मध्ये या प्रश्नाचा फेरविचार करून अर्ली डिसिजन कायम ठेवले.

टक्केवारीचा खरा अर्थ

लवकर अर्ज केल्यास प्रवेशाची शक्यता वाढते का, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. आकडे पाहता उत्तर होकारार्थी वाटते. ब्राउन विद्यापीठात २०२४ साली प्रवेश घेणाऱ्या वर्गासाठी बांधील फेरीत ६,२५१ अर्ज आले व ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे सुमारे १४.४ टक्के. त्यानंतरच्या नेहमीच्या फेरीत ४२,६३० अर्जांतून १,६२३ जणांना, म्हणजे ३.८ टक्क्यांना प्रवेश मिळाला.

तथापि १४.४ आणि ३.८ यांतील सगळे अंतर ‘लवकर’पणाचे नव्हे. बांधील फेरीत खेळाडू म्हणून आधीच निवडले गेलेले विद्यार्थी असतात. त्याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची मुले असतात. ज्यांची तयारी ऑक्टोबरातच पूर्ण झाली आहे असे सक्षम अर्जदारही असतात. हा गट वजा केला तर सामान्य अर्जदाराचा लाभ बराच कमी होतो. तो शून्य मात्र होत नाही. ख्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लवकर अर्ज करण्याचा लाभ एसएटीत सुमारे १०० गुण अधिक मिळवण्याइतका असल्याचा निष्कर्ष काढला होता. तो अभ्यास जुना असला, तरी समान पात्रतेच्या दोन विद्यार्थ्यांत लवकर व बांधील अर्ज करणाऱ्याला काही अंशी झुकते माप मिळते, हे आजही सर्वसाधारणपणे मान्य केले जाते.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, हा लाभ मुख्यतः बांधील फेरीचा आहे. अर्ली ॲक्शनमध्ये विद्यार्थी येईलच याची हमी नसल्याने महाविद्यालयालाही तसा मोबदला देण्याचे कारण नसते. दुसरी, पात्रतेच्या काठावरही नसलेल्या विद्यार्थ्याला कोणतीही फेरी तारू शकत नाही. बांधील संधी एकच असते. ती आवाक्याबाहेरच्या नावावर खर्च केली तर, जेथे तिचा खरोखर उपयोग झाला असता अशा दुसऱ्या महाविद्यालयासाठी ती उरत नाही.

प्रत्येक महाविद्यालयाचे आकडे पाहण्यासाठी ‘कॉमन डेटा सेट’ हे वार्षिक पत्रक उपयोगी पडते. बहुतेक महाविद्यालये ते आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यातील प्रवेशविषयक भागात बांधील फेरीत किती अर्ज आले व किती स्वीकारले गेले, हे नोंदलेले असते. जाहिरातीतील किंवा सल्लागारांच्या माहितीपत्रकातील टक्केवारीपेक्षा हे पत्रक अधिक विश्वसनीय.

पैशाचा प्रश्न : किंमत कळण्याआधीचे वचन

बांधील अर्जातील खरी जोखीम येथे आहे. आघाडीच्या खाजगी विद्यापीठांतील एका वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे शुल्क, निवास, भोजन व इतर बाबी धरून, आता ९०,००० डॉलरच्या घरात किंवा त्यापुढे गेला आहे. पदवी चार वर्षांची असते. महाविद्यालय किती साहाय्य देणार हे प्रवेशपत्रासोबतच कळते. वचन मात्र त्याआधी दिलेले असते. नेहमीच्या फेरीतील विद्यार्थी एप्रिलमध्ये तीन-चार प्रस्ताव समोर ठेवून तुलना करू शकतो. बांधील विद्यार्थ्यापुढे एकच प्रस्ताव असतो.

करारात एक वाट ठेवलेली आहे. आर्थिक साहाय्य मागितलेल्या विद्यार्थ्याने साहाय्याचा निर्णय हाती येईपर्यंत इतर अर्ज मागे घेण्याची गरज नसते आणि मिळालेले साहाय्य अपुरे ठरल्यास महाविद्यालय त्याला वचनातून मोकळे करू शकते. ही तरतूद खरी असली तरी तिच्या भरवशावर अर्ज करणे शहाणपणाचे नाही. एकतर ‘गरज किती’ हे कुटुंब नव्हे, तर महाविद्यालय आपल्या सूत्राने ठरवते. शिवाय ज्याने साहाय्यासाठी अर्जच केला नाही, त्याला नंतर ‘परवडत नाही’ असे म्हणण्यास आधार राहत नाही.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. अमेरिकी सरकारचे साहाय्य व त्यासाठीचा ‘फाफ्सा’ अर्ज त्यांच्यासाठी नाही. जे मिळेल ते महाविद्यालयाच्या निधीतून. बहुतेक महाविद्यालये परदेशी अर्जदाराने साहाय्य मागितले आहे का, हे प्रवेशाचा निर्णय घेतानाच पाहतात. त्यामुळे साहाय्य मागणाऱ्याला स्पर्धा अधिक कठीण जाते. याला मोजके अपवाद आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन आणि नोटर डेम या संस्था परदेशी अर्जदाराचीही ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि मग त्यांच्या हिशेबाने ठरलेली संपूर्ण गरज भागवतात. यांपैकी ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन व ब्राउन येथे लवकर फेरी बांधील आहे; पहिल्या चार संस्थांत आणि नोटर डेममध्ये बंधन नाही.

साहाय्याची मागणी बहुतेक खाजगी महाविद्यालयांत ‘सीएसएस प्रोफाइल’ या अर्जाद्वारे करावी लागते आणि लवकर फेरीसाठी तोही नोव्हेंबरच्या सुमारास द्यावा लागतो. उत्पन्न, ठेवी, घर व इतर स्थावर मालमत्ता यांची माहिती त्यात मागितली जाते. गोव्यातील कुटुंबांनी येथे विशेष दक्ष राहावे. वडिलोपार्जित घरात किंवा भाटात नावाने हिस्सा असतो, वाटणी झालेली नसते आणि त्यातून उत्पन्नही येत नाही, ही स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. आकडा तेवढा लिहिला तर अमेरिकेतील अधिकाऱ्याला ती विकण्याजोगी संपत्ती वाटेल. अर्जातील विशेष परिस्थितीच्या रकान्यात मालकीचे स्वरूप स्पष्ट शब्दांत मांडणे हितावह ठरते.

अनेक संस्थांत आणखी एक नियम असतो. प्रवेशाच्या वेळी साहाय्य न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील वर्षांतही ते मागता येत नाही. ‘आधी प्रवेश मिळवू, पैशाचे मागाहून पाहू’ हा विचार म्हणूनच धोक्याचा आहे. बँकेचे शैक्षणिक कर्ज किंवा गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना यांचा आधार घ्यायचा असेल, तर त्यांच्या त्या वर्षीच्या अटी व मर्यादा अर्जापूर्वी पाहून ठेवाव्यात आणि उरलेली रक्कम कोठून येणार याचा चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा.

गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्तीचा विचार वेगळा आहे. काही सार्वजनिक विद्यापीठांत अर्ली ॲक्शनची तारीख हीच शिष्यवृत्तीच्या विचाराची आणि मागणी असलेल्या शाखांची तारीख असते. उदाहरणार्थ, पर्ड्यू विद्यापीठात १ नोव्हेंबरची मुदत पाळणाऱ्यांनाच या बाबतीत पूर्ण प्राधान्य मिळते. येथे लवकर अर्ज न केल्यास तोटा होतो आणि केल्यास कोणतेही बंधन येत नाही.

गोव्यातील वेळापत्रकाशी मेळ

अमेरिकी फेऱ्यांच्या तारखा तेथील शाळांच्या वर्षावर बेतलेल्या आहेत. गोव्यातील विद्यार्थ्याला त्या आपल्या दिनदर्शिकेवर बसवाव्या लागतात आणि तेथे काही अडचणी हमखास येतात.

पहिली अडचण कागदपत्रांची. महाविद्यालये इयत्ता नववी ते बारावीच्या नोंदी मागतात. गोव्यात दहावीनंतर विद्यार्थी बहुधा वेगळ्या उच्च माध्यमिक विद्यालयात जातो. त्यामुळे नववी-दहावीच्या नोंदी जुन्या शाळेतून व पुढील नोंदी नव्या विद्यालयातून घ्याव्या लागतात. अमेरिकी अर्जात समुपदेशकाने भरायचा शालेय अहवाल आणि शाळेचा परिचय असतो. ज्या विद्यालयात असा समुपदेशक नाही, तेथे प्राचार्य किंवा त्यांनी नेमलेले शिक्षक हे काम करू शकतात. मात्र पूर्वी कधी न केलेले हे काम त्यांना समजावून द्यायला वेळ लागतो.

दुसरी अडचण सुट्टीची. चतुर्थीची सुट्टी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि दिवाळीची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. १ नोव्हेंबरची मुदत अनेकदा दिवाळीच्या सुट्टीतच पडते. विद्यालयाचे कार्यालय बंद, शिक्षक गावी आणि करारावर तिसरी स्वाक्षरी बाकी, अशी अवस्था टाळायची तर शिफारसपत्रांची विनंती जुलैमध्ये करून सर्व शालेय कागद सुट्टीपूर्वी रवाना झाले पाहिजेत. कॉमन ॲपवर मुदत सर्वसाधारणपणे अर्जदाराच्या स्थानिक वेळेप्रमाणे रात्री ११:५९ ला संपते. अमेरिकेत अजून दिवस आहे, या समजुतीने थांबू नये.

तिसरी बाब परीक्षांची. एमआयटी, हार्वर्ड, येल, ब्राउन, डार्टमथ, स्टॅनफर्ड आदी संस्थांनी प्रमाणित चाचणीचे गुण पुन्हा अनिवार्य केले आहेत. १ नोव्हेंबरच्या अर्जासाठी ऑक्टोबरमधील एसएटी ही बहुधा अखेरची संधी असते. त्यामुळे पहिला प्रयत्न त्याआधीच्या मार्च ते ऑगस्टदरम्यान झालेला बरा.

चौथी बाब बारावीच्या अभ्यासाची. गोवा शालान्त मंडळाची बारावीची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीत सुरू होते आणि जेईई मुख्य परीक्षेचे पहिले सत्र जानेवारीत असते. नेहमीच्या फेरीचे दहा-बारा निबंध याच काळात लिहावे लागतात. ऑक्टोबरअखेर काही अर्ज मार्गी लागले तर जानेवारी मोकळा मिळतो. लवकर अर्जाचा हा लाभ कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही, पण गोव्यातील विद्यार्थ्यासाठी तो मोठा आहे. मात्र बांधील प्रवेश मिळाल्यास देशांतर्गत प्रवेशाचे अर्जही त्या वचनाच्या कक्षेत येतात. भारतातील एखाद्या नामवंत संस्थेत जागा मिळाल्यास तीच घ्यायची, असे ज्या घरात ठरले आहे, तेथे बांधील अर्ज करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ब्रिटनकडेही लक्ष असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की ऑक्सफर्ड व केंब्रिज यांची मुदत १५ ऑक्टोबरच्या सुमारास संपते. अमेरिकेतील बंधनरहित पर्यायांबरोबर हा अर्ज चालतो. बांधील प्रवेश मिळाल्यास मात्र तो मागे घ्यावा लागतो.

तीन विद्यार्थी, तीन निर्णय

नियमांचा उपयोग कसा करावा हे तीन कल्पित उदाहरणांतून पाहता येईल.

पहिल्या विद्यार्थिनीचे पालक नोकरदार आहेत. वर्षाला ठरावीक रकमेपलीकडे ते जाऊ शकत नाहीत आणि कर्जाचा बोजा शक्य तितका कमी ठेवू इच्छितात. तिचे गुण उत्तम आहेत, पण तिच्यासाठी महाविद्यालयाच्या नावापेक्षा हाती पडणारे साहाय्य निर्णायक आहे. तिने अर्ली डिसिजनपासून दूर राहावे. सार्वजनिक विद्यापीठांचे अर्ली ॲक्शन आणि इच्छा असल्यास ऐपत न पाहणाऱ्या संस्थांपैकी एकीचा बंधनरहित लवकर अर्ज, एवढे नोव्हेंबरात करावे. उरलेले अर्ज जानेवारीत करून एप्रिलमध्ये सर्व प्रस्तावांची तुलना करावी.

दुसऱ्या विद्यार्थ्याने वर्षभर अभ्यास करून एक महाविद्यालय नक्की केले आहे. अभ्यासक्रम, गावाचे स्वरूप, हवामान, वर्गाचा आकार यांची त्याने माहिती काढली आहे. त्याचे गुण तेथील प्रवेशितांच्या मध्यावर आहेत. एक पैसाही साहाय्य मिळाले नाही तरी चार वर्षांचा खर्च झेपेल, असे कुटुंबाने हिशेबाअंती ठरवले आहे. बांधील अर्ज अशाच विद्यार्थ्यासाठी आहे. त्याने तो न करणे म्हणजे हातची संधी दवडणे होय.

तिसऱ्या विद्यार्थ्याची अकरावी आजारपणात गेली आणि गुण घसरले. बारावीत तो सावरतो आहे. नोव्हेंबरात अर्ज केल्यास महाविद्यालयापुढे मुख्यतः घसरलेली अकरावी जाईल. जानेवारीत बारावीच्या पहिल्या सत्राचे चांगले गुण व ते पाहिलेल्या शिक्षकांचे शिफारसपत्र जाईल. त्याच्यासाठी थांबणे हाच उत्तम पर्याय आहे. एक महाविद्यालय खरोखर मनात असेल आणि पैशाचा प्रश्न सुटलेला असेल, तर जानेवारीतील दुसरी बांधील फेरी त्याला उपयोगी पडू शकते.

निकालानंतर

लवकर फेरीचे उत्तर तीनपैकी एक असते : स्वीकार, नकार किंवा अर्ज पुढील फेरीकडे वर्ग करणे. वर्ग झालेला अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा तपासला जातो आणि त्यावेळी बांधील वचन संपलेले असते. अशा वेळी महाविद्यालयाने परवानगी दिल्यास नवे गुण आणि उल्लेखनीय घडामोडी कळवणारे एक संक्षिप्त पत्र पाठवावे. वारंवार दूरध्वनी व पत्रे यांनी उपकार होत नाही. नकार आल्यास त्या वर्षी तेथे पुन्हा अर्ज करता येत नाही. डिसेंबरच्या मध्यास नकार आला आणि जानेवारीच्या अर्जांना हातही लावलेला नाही, ही स्थिती सर्वांत वाईट. म्हणून लवकर अर्ज पाठवल्यावर थांबून न राहता उरलेल्या अर्जांचे निबंध नोव्हेंबरातच लिहिण्यास घ्यावेत.

स्वीकार झाल्यास अनामत रक्कम भरून जागा निश्चित करावी लागते. पुढे महाविद्यालयाकडून आय-२० हे पत्रक मिळते आणि त्याआधारे विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करता येतो. गोव्यातील रहिवाशांसाठी मुंबईतील अमेरिकी वकिलातीत ही प्रक्रिया होते. बारावीचा निकाल लागल्यावर अंतिम गुणपत्रिका पाठवावी लागते. प्रवेश त्याच्या अधीन असल्याने डिसेंबरात स्वीकार आला म्हणून अभ्यासात ढिलाई केल्यास प्रवेश रद्दही होऊ शकतो.

बांधील वचन मोडले तर काय, असाही प्रश्न विचारला जातो. न्यायालयात खेचले जाण्याची प्रथा नाही. ही बांधिलकी मुख्यतः नैतिक आहे. परंतु करारानुसार महाविद्यालये बांधील प्रवेशितांची नावे एकमेकांना कळवू शकतात आणि दुसरा प्रवेशही हातचा जाऊ शकतो. शिवाय करारावर विद्यालयाची स्वाक्षरी असते. एका विद्यार्थ्याने शब्द फिरवला तर त्याच विद्यालयातून पुढील वर्षी अर्ज करणाऱ्यांच्या शिफारसपत्रांचे वजन कमी होते. गोव्यातून ज्या विद्यालयांची मुले अमेरिकेत क्वचितच अर्ज करतात, त्यांच्यासाठी ही हानी लहान नाही.

स्वाक्षरीपूर्वीचे प्रश्न

सप्टेंबरच्या अखेरीस विद्यार्थी व पालकांनी एकत्र बसून चार प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत. हे महाविद्यालय इतर सर्वांहून निर्विवाद पुढे आहे का? साहाय्य अपेक्षेपेक्षा निम्मे आले तरी तेथे जाता येईल का? ऑक्टोबरअखेरचा अर्ज हा जानेवारीतील अर्जाइतकाच भक्कम असेल का? आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या कोणी अधिक चांगला प्रस्ताव दिला असता, ही हळहळ सोसण्याची तयारी आहे का?

चारही उत्तरे ‘होय’ असतील तर बांधील अर्ज करावा. एकही उत्तर डळमळीत असेल तर बंधनरहित लवकर अर्जाकडे वळावे आणि तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर जानेवारीची वाट पाहावी. लवकर अर्ज करणे हे स्वतःहून गुणवत्तेचे लक्षण नाही आणि उशिरा करणे हे कमीपणाचे नाही. तयारी, पसंती आणि पैसा या तिन्ही गोष्टी ज्या महिन्यात जुळतात, तोच त्या विद्यार्थ्याच्या अर्जाचा योग्य महिना.